सिहामची अट

अबू गाझींनी खिशातला पांढरा रुमाल डोक्यावर पसरला, समोरच्या वहीवर पेन टेकवलं आणि शेखसारखा घसा खाकरला.

"मुली, तुझी का... काही अट आहे?"

बाकीचे चौघे हसले. अबू गाझी टॅक्सी चालवत आणि लहानपणापासून अडखळत बोलत. आजच्या सरावात निकाह लावणाऱ्या शेखची भूमिका त्यांनी आपण होऊन मागून घेतली होती. इरबिद शहरातल्या त्या वाचा-उपचार केंद्रात अडखळत बोलणारी ही माणसं दर मंगळवारी दुपारी गोल करून बसत. नियम एकच होता: कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही. उपचार करणाऱ्या मिस रुला तो नियम पहिल्या दिवशी एकदाच सांगत, पुन्हा कधी नाही.

सिहामने श्वास घेतला. 'मी' हाच शब्द तिला सगळ्यांत जड जाई. ओठ मिटले की मिटलेच राहत, मानेची शीर ताठ होई आणि समोरचा माणूस नजर दुसरीकडे वळवी. इथे कुणी वळवत नसे.

"म्... म्... मी दम्मामला जाणार नाही. इथेच राहीन. नोकरी सु... सुरू ठेवीन."

"एक मिनिट दहा सेकंद," अबू गाझी घड्याळाकडे बघत म्हणाले. "मला माझ्या बायकोला मागणी घालायला याच्या दु... दुप्पट वेळ लागला होता. तोवर तिचा बाप चहा पिऊन झोपला."

"गुरुवारी असं जमेल?" मिस रुलांनी सिहामला विचारलं.

सिहामने खांदे उडवले. गुरुवारी तिचा यझनशी निकाह होता.

यझनमध्ये खोट काढायला जागा नव्हती. तो मोबाईलच्या कंपनीत इंजिनिअर होता, मोठ्यांशी अदबीने वागे, आणि सिहाम अडली की शब्द हातात ठेवावा तसा तिच्यापुढे ठेवी. पहिल्या भेटीत तिला कॉफीत साखर नको होती, ते त्याने तिच्या आधी सांगितलं. आत्याने तेव्हाच तिच्या वडिलांना कोपराने ढोसलं होतं. "बघा, न बोलता ओळखतो. असा जावई दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही."

बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघे. एप्रिल सरता सरता त्याला परदेशात, दम्मामला, नोकरी मिळाली. बातमी सांगायला तो आला तेव्हा सिहाम म्हणाली, "यझन, म्... म्..." आणि तो हसून म्हणाला, "मला एकट्याला जाऊ देणार नाहीस, माहीत आहे मला. अगं, दोघंच जाणार आहोत." मग दोन्ही घरांत पेढे वाटावेत तशी बकलावा वाटली गेली. तिने नंतर दोनदा लिहून पाठवलं. दोन्ही वेळा त्याचा लगेच फोन आला, आणि फोनवर पुन्हा तेच झालं. "घाबरतेस, समजलं मला. पहिले चार महिने जड जातील, मग रुळशील."

घाबरण्याचा प्रश्न नव्हता. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती सात वर्षं काम करत होती. तिच्या सहीशिवाय तिथला अहवाल बाहेर जात नसे आणि तिथल्या सगळ्यांना तिच्या बोलण्याची सवय झाली होती. दम्मामला तिला पहिल्यापासून, एकेका माणसाला, आपलं नाव सांगावं लागणार होतं. आणि तेही यझननेच सांगितलं असतं.

गुरुवारी दिवाणखाना भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. शेख मधल्या कोचावर, मांडीवर निकाहाची वही घेऊन. ते खरोखरचे शेख होते, वयस्कर, जरा कमी ऐकू येणारे. यझनने नवा करडा सूट घातला होता आणि तो सारखा बाही ओढत होता. सिहामला वडिलांशेजारी बसवलं होतं.

"मुली, या मुलाशी लग्नाला तुझी राजीखुशी आहे? काही अट लिहायची आहे?"

सिहामने तोंड उघडलं. ओठ मिटले.

खोलीत कुणीतरी खोकलं. वडिलांनी गालिच्याकडे पाहिलं. दहा सेकंद गेले असतील, पंधरा.

"लाजते आहे, शेख," आत्या म्हणाली. "मुलीचं गप्प बसणं म्हणजेच होकार. लिहा तुम्ही."

"राजी आहे ती," यझन शेखना ऐकू जाईल असं म्हणाला. "अट वगैरे काही नाही. बोलायला जरा त्रास होतो तिला, म्हणून."

शेखनी मान हलवली आणि पेन वहीवर नेलं. सिहामने हात पुढे करून पंजा त्या पानावर ठेवला.

बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"म्... म्... मी," ती म्हणाली. पुढचं एकेक येत गेलं. मध्ये आत्या दोनदा "अगं" म्हणाली. यझनही पुढे झुकला होता, ओठांवर शब्द तयार ठेवून. पण सिहामने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने शेखकडे बघत वाक्य शेवटपर्यंत नेलं: दम्मामला जाणार नाही, इथेच राहीन, नोकरी सोडणार नाही.

"काय म्हणाली?" शेखनी वडिलांना विचारलं.

वडिलांनी गालिच्यावरची नजर वर केली. मग त्यांनी मुलीचं वाक्य, एकही शब्द न गाळता, मोठ्याने सांगितलं.

यझनचा चेहरा उतरला होता. त्यात राग नव्हता. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि एक पायरी उरलेली निघावी, तसा तो दिसत होता. "पण सिहाम," तो म्हणाला, "तूच तर हो म्हणाली होतीस."

"ते तू म्हणालास."

हे मात्र ती न अडखळता बोलली.

शेखनी पेनाला टोपण लावलं. "दोघं बाहेर जाऊन बोला," ते म्हणाले. "मला घाई नाही. तोवर कॉफी होऊ द्या."

गच्चीत वाळत घातलेल्या चादरी होत्या आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. खालून टरबुजांची गाडी भोंग्यावर ओरडत गेली. यझन कठड्याला टेकून उभा राहिला. आतून आत्याचा आवाज येत होता आणि तिला गप्प करणारा वडिलांचा.

सिहाम बोलू लागली. पहिल्याच शब्दाला अडली. यझनचे ओठ हलले. "तुला म्हणायचंय की..." एवढं बोलून तो थांबला आणि त्याने हाताची मूठ तोंडावर धरली. तिने पुन्हा सुरुवात केली. तिने बकलावाबद्दल सांगितलं, त्या दोन फोनांबद्दल सांगितलं. ऊन कठड्यावरून खाली उतरलं. एकदा तो मध्येच म्हणाला, "पण दम्मामच्या करारावर मी सही करून..." आणि तिने नकारार्थी मान हलवली तेव्हा पुढचं बोलला नाही.

मग ती श्वास घ्यायला थांबली.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही."

यझनने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.