नवरी काही रडेना

मित्रांनो, जरा जवळ सरका. आवाज बसलाय माझा; पण एक लग्न मोडता मोडता कसं राहिलं, ते आज सांगते.

मी एक जुनी फिडल आहे, म्हणजे तुमचं व्हायोलिन. युक्रेनमधल्या पोडोलिया प्रांतातल्या एका सुताराने मला मेपलच्या लाकडातून घडवलं आणि येरुखेम नावाच्या ज्यू वादकाच्या खांद्यावर दिलं. प्रार्थनाघरात देवाला आळवताना भक्ताचा कंठ दाटतो ना, तो हुंदका त्याने मला शिकवला. नाचाच्या चाली मात्र आम्ही शेजारच्या जिप्सी वादकांकडून उचलल्या. म्हणून आमच्या संगीताचे डोळे रडतात आणि पाय नाचतात.

आमच्याकडे मांडवात जाण्याआधी नवरीने रडायचंच असतं. तिला खुर्चीत बसवतात, लग्नात यमकं जुळवून गाणारा आमचा झेलिग गाऊन उपदेश करतो आणि मी हुंदके देते. अहाहा, काय गळा होता त्याचा! ऐकणाऱ्याचं मन धुऊन निघावं.

पण त्या दिवशीची नवरी, त्रेयना, काही रडेना. मनाजोगता नवरा मिळालेला. ती आपली खुदुखुदु हसतेय.

"रड गं नवरीबाई, सरलं बालपण, उद्या चुलीपाशी तू आणि सरपण!" झेलिगने आळवलं.

"सरपण तो फोडणारेय. कबूल केलंय त्याने," त्रेयना म्हणाली. बायका फिसकन हसल्या.

तिची होणारी सासू खाये-सोसे ताडकन उठली. "कोरड्या डोळ्यांची सून मी नेणार नाही! उतरवा तो मांडव!"

नवरदेव पांढराफटक पडला. झेलिग येरुखेमच्या कानाशी लागला, "बाबा रे, वाजव! नाहीतर लग्नही जाईल आणि मेजवानीतला तो भरलेला मासाही."

येरुखेमने माझ्यातून असा हुंदका ओढला की आचारीण रडली, रब्बी रडले, ढोलवाला तर ढोलावर डोकं टेकून रडला. त्रेयना कोरडीच. आणि तेवढ्यात कुणीतरी भोकाड पसरलं. बघतो तर सासूबाई!

"अगं बाई, काय झालं?" त्रेयना धावली.

"माझ्या लग्नाला मेले वादक बर्फात अडकले गं! मला कुणी रडवलंच नाही. तशीच आले सासरी!"

"मग आता रडा पोटभर," असं म्हणत त्रेयनाने तिला कवटाळलं, आणि त्रेयनाचाच बांध फुटला.

"नवरी रडली!" झेलिग ओरडला. "आणा तिच्या तोंडावरची ओढणी, चला मांडवात, डोळे सुकायच्या आत!"

आता मी पेटीत पडून असते. मित्रांनो, जुनं वाद्य नुसतं पुसून ठेवू नका, वाजवा. मुकं राहिलेलं लाकूड आतून तडकतं. आणि कधी कुठल्या लग्नात फिडल हुंदका देईल, तेव्हा खाये-सोसेची आठवण काढा. बिचारीने त्या एका सुरासाठी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.