मनकर्णाबाईची ओवी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली घोड्यावरून एक माणूस बाळापूरला आला आणि अमरावतीला रुईच्या कामाला लावतो म्हणून मनकर्णाबाईच्या येसूला घेऊन गेला. मनकर्णाबाईनं सगळी अमरावती पालथी घातली, तेव्हा कळलं, की पोरीला त्यानं परमुलखात विकलं होतं.

त्यानंतर ती रडली नाही. अकोल्याच्या बाजारात बसून जात्यावरच्या चालीत गाऊ लागली:

"घोड्यावरचा पाहुणा, गोड बोलून गेला बाई,
रुईच्या कामाले नेली, लेक माघारी आली नाई."

एकदा ते ऐकून गोदाबाई माळणीनं डोक्यावरची भाजीची पाटी खाली ठेवली.

"त्याच्या गालावर देवीचे वण हायेत काय वं?"

"हायेत."

"तो आमच्या घरी बसून हाय. माह्या पोरीले न्याले आला."

गोदाबाई धावत सुटली, मागून बाजारातल्या बाया धावल्या. त्यांनी त्या माणसाला बांधून पाटलाच्या हवाली केलं. येसूचा ठावठिकाणा मात्र त्यानं सांगितला नाही.

गोदाबाई लेकीला मनकर्णाबाईच्या पाया पडायला घेऊन आली. मनकर्णाबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं उन्हानं तापलं होतं, एवढंच तिला कळलं.