माझ्या पाठीवरची मिशी

मी फोटो छापायचा कागद. एका अंगाने चकचकीत, दुसऱ्या अंगाने साधा. हा फरक नीट लक्षात ठेवा. आमच्या बाबांनी ठेवला नाही, म्हणून तर मला तोंड उघडावं लागलं.

जन्म कारखान्यातला. लगदा लाटला, दोन्हीकडून प्लास्टिकचा पातळ थर दिला, एका बाजूला शाई पिणारा लेप लावला आणि भावंडांसोबत पाकिटात कोंबलं. पाकिटावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. इतके पांढरे दात असलेलं कुटुंब मला पुढे कुठेच भेटलं नाही.

मी ज्या घरात आलो तिथे चार माणसं. बाबा इलेक्ट्रिशियन, आई कपडे शिवायची, त्यांची मुलगी ताई दवाखान्यात कामाला आणि बाबांची थोरली बहीण, आत्या. आत्या कायमची दूर, आपल्या मुलाकडे राहायला निघाली होती. तिचं मागणं एकच होतं, "मला तुमचे फोटो द्या. मोबाइलमधले मला सापडत नाहीत."

पाकिटात मी सर्वांत खाली. वरच्या भावंडांची दशा बघवत नव्हती. एकावर आईचं डोकंच कापलं गेलं. एकावर आत्याचे डोळे मिटलेले आले. "मी काय मेलेय का?" म्हणून तिने तो फाडला. एकावर बाबांनी विजेचं बिल छापलं. चकचकीत बिल! ताईने हा सगळा ढीग रद्दीत घातला, तर रद्दीवाल्याने परत केला. "यात प्लास्टिक आहे. वर्तमानपत्रात मिसळलं तर माझा गठ्ठा कुणी घेत नाही."

त्या दिवशी ताईने फर्मान काढलं. "उरलाय एकच कागद. नवीन पाकीट आणायचं नाही. आधी स्क्रीनवर बघायचं, मग पाठकोऱ्या कागदावर फिकट छापून बघायचं आणि मगच हा. एका कागदावर चार फोटो बसतात."

"चारातला एक?" बाबा फुगले. "मी काय पोस्टाचं तिकीट आहे?"

"तिकीट निदान कुठेतरी पोहोचतं," आई म्हणाली.

माझा शेजारी प्रिंटर वेगळ्याच दुखण्याने बेजार होता. वीज वाचावी म्हणून बाबा त्याला रोज थेट भिंतीवरच्या बटणाने बंद करायचे. बिचारा तोंड उघडं टाकून झोपायचा. तोंडातली शाई सुकायची आणि उठल्या उठल्या तो ताज्या शाईच्या गुळण्या करायचा. फोटो एक, गुळण्या दहा फोटोंच्या.

"बाबा, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, म्हणजे तो तोंड झाकून घेतो," ताईने सांगून पाहिलं.

"मला वीज शिकवतेस?"

"वीज नाही, शाई."

आत्या निघण्याच्या आदल्या दुपारी तिघी बॅग घ्यायला बाजारात गेल्या. दार लागलं आणि बाबा चोरासारखे प्रिंटरजवळ आले. मोबाइलमध्ये त्यांनी स्वतःचा मिशीवाला फोटो शोधून ठेवला होता. "न्यायचाच तर मोठा नेऊ दे," ते पुटपुटले. गर्व म्हणावा, तर आवाज जरा ओला होता.

प्रिंटरने गुळण्या केल्या. बाबांनी मला आत सरकवलं. उलटा! मी ओरडणार कसा? माझी पाठ शाई पीत नाही. बाबांचा भला मोठा चेहरा माझ्या पाठीवर नुसता तरंगत राहिला. मिशी ओघळून हनुवटीवर आली. घाबरून त्यांनी अंगातल्या बनियनने मला पुसायला घेतलं. गाल फिकटले, कपाळ निघालं. मिशी काही हटेना. तेवढ्यात दार वाजलं.

"काय केलंत हे?" ताईचा चेहरा पडला. "आता आत्याला देणार काय?"

बाबांच्या बनियनवर निळे-तांबडे डाग. आत्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती खाटेवर बसून पोट धरून हसली. "बाळ्या, दहा वर्षांचा असताना शाईची दौत अशीच पालथी केली होतीस!"

ताईने मला पालटलं. चकचकीत बाजू कोरी करकरीत होती. प्रिंटरमधली रंगांची डबी मात्र गुळण्यांनी आणि मिशीने रिकामी केली होती. बाबा ती खिशात घालून निघाले. परतले ते तीच डबी भरून घेऊन. "दुकानदार नवीन घ्या म्हणत होता. मी म्हटलं, डबी धडधाकट आहे, अक्कलच कमी पडली."

मग सगळं रीतसर झालं. आधी स्क्रीन, मग पाठकोरा कागद, मग मी, सुलटा. एका कोपऱ्यात शिलाई मशिनवरची आई, एकात ताई, एकात शिडीवरचे बाबा आणि एकात सगळे मिळून. कापायची वेळ आली तेव्हा आईने आपली कापडाची कात्री पुढे केली. त्या कात्रीला ती कधी कुणाला कागद लावू देत नसे.

आता मी आत्याच्या मुलाच्या घरी आहे, चार तुकड्यांत. छापण्याआधी दोन क्षण थांबत जा, एवढंच माझं सांगणं. आमचा ढीग रद्दीवालाही घेत नाही.

दुपारी घर रिकामं झालं की आत्या चारही फोटो टेबलावर पालथे घालते, कडेला कडा भिडवते आणि बाबा उगवतात. फिकट गाल, हनुवटीवर ओघळलेली मिशी आणि हवे होते तेवढे मोठे.

"काय रे बाळ्या, जेवलास का?" ती विचारते.