तोंड बघून मग आटवा

एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत चांदीचा भाव असा भडकला, की नेवाडातल्या विनेमुक्का गावच्या लोकांनी कपाटं, पेट्या, तळघरं उपसून काढली. लग्नातले चमचे निघाले, बक्षिसाचे पेले निघाले, आणि निघाले ते चांदीचे जुने डॉलर. नेवाडात असे डॉलर नाहीत असं घर सापडणं कठीण. खाणीत मजुरी त्यातच मिळायची, मेंढपाळांचा पगार त्यातच व्हायचा, आणि शनिवारी जुगाराच्या टेबलावर तो उडवायलाही तेच लागायचे.

लायल स्ट्रॅकर नावाच्या व्यापाऱ्यानं हमरस्त्यावरच्या मोटेलचा हॉल भाड्यानं घेतला आणि पेपरात जाहिरात दिली: साल कुठलंही असो, अवस्था कशीही असो, वजनावर रोख पैसे. त्याची माणसं नाणी तराजूत टाकायची, नोटा मोजून द्यायची आणि नाणी पिंपात ओतायची. पिंप थेट भट्टीकडे. नाण्याकडे ढुंकून कुणी बघायचं नाही.

ग्रासियानाचं नाण्यांचं दुकान मोटेलच्या वाटेवरच होतं. नवरा पेयो गेल्यापासून ती एकटीच चालवायची. ओळखीपाळखीचे लोक पिशव्या सांभाळत दारावरून जात आणि काचेतून नजर चुकवत. मंगळवारी मात्र तिचे थोरले दीर बेन्यात आत आले. दुकानाची इमारत त्यांचीच. हातात कॅनव्हासची जड पिशवी.

"ग्रासियाना, तूही आटप आता. शोकेसमधलं सगळं ओत त्याच्या पिंपात आणि मोकळी हो. असा भाव पुन्हा बापजन्मी यायचा नाही."

"पिशवीत काय आहे, भाऊजी?"

"डोंगरात मेंढ्यांमागं काढलेली माझी उमर आहे. मालक चांदीत पगार द्यायचा."

"मग ओता इथं. मला एकदा बघू तर द्या."

बेन्यातनी पिशवी छातीशी धरली. "आणि तू बघता बघता त्यातले चांगले तेवढे स्वस्तात मागशील. धंदा करणारी बाई मी ओळखतो."

ग्रासियानाच्या अंगाचा तिळपापड झाला. "दर रविवारी माझ्या हातचं मटण ओरपताना नाही ओळखलंत ते?"

बेन्यात गेले. ती काउंटरला धरून उभी राहिली. दिरांचं बोलणं झोंबलं होतंच, पण सगळ्या गावाच्या मनात तेच आहे हे एकदम लख्ख दिसलं, ते जास्त झोंबलं. नाणी आटवायला तिची ना नव्हती. पण माणूस पुरतानासुद्धा शेवटचं तोंड बघतात, आणि इथं आख्ख्या मुलखाची कमाई तोंड न बघताच भट्टीत चालली होती. ती 'विकू नका' म्हणाली असती तर लोक म्हणाले असते, हिला स्वतःला हवंय. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. मग मी काही घेणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून तिनं घडीचं टेबल, भिंग आणि मखमलीचा तुकडा गाडीत टाकला आणि मोटेलच्या दारासमोर, रांगेच्या अगदी नाकासमोर बस्तान मांडलं. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं: 'नाणी ओळखून देते. फुकट. एकही विकत घेत नाही.'

थंडी अशी की श्वास मिशांवर गोठत होता. रांगेतून टोमणे आले. "बाई, पेयोनं पैसे ठेवले नाहीत वाटतं मागं?" "भविष्यही सांगता का हो?"

"सांगते की," ती म्हणाली. "तुमचं भविष्य त्या पिंपात आहे."

लोक हसले, पण रांग कुणी सोडली नाही. शेवटी लाँड्रीवाली ओरेटा आली, तीही रांगेत उभं राहून पाय गारठले म्हणून. तिनं रुमालातली नाणी मखमलीवर ओतली. ग्रासियाना एकेक नाणं उलटं करून गरुडाखालच्या माळेच्या गाठीपाशी बघत गेली. टांकसाळीची खूण तिथं असते. भराभर ढीग वेगळे झाले.

"हे सगळे त्याला दे. आजच दे, थांबू नकोस, हा भाव टिकायचा नाही. हे साल पोत्यानं निघालंय, त्यात नुसती चांदी. पण हा एक देऊ नकोस."

"हा? हा तर सगळ्यात मळका!"

"मळका असू दे. आणि घासू नकोस, घासलंस की अर्धी किंमत गेली. ही दोन 'सी' अक्षरं दिसली? कार्सन सिटी. आपल्याच राज्यात पाडलेला. त्या साली मुळात थोडे पाडले, त्यातले कितीतरी आधीच आटवून झाले. आत तुला मोडीचा भाव मिळेल. जाणकार संग्राहक याचे दहापट देईल. माझ्याकडून नको, रीनो शहरात जा, तिघांना दाखव आणि मग ठरव."

ओरेटानं ते नाणं मुठीत धरलं आणि मागं वळून रांगेतल्या बहिणीला अशी हाक मारली, की अर्ध्या गावानं ऐकली.

दुपारपर्यंत ग्रासियानासमोरची रांग स्ट्रॅकरच्या रांगेपेक्षा लांब झाली. गंमत म्हणजे बहुतेक नाणी ती त्याच्याकडेच पाठवत होती. पण बाजूला निघणारे ते मोजके डॉलर स्ट्रॅकरला खुपले. पिंपात पडलेले असे डॉलर त्याची माणसं रात्री मागच्या खोलीत वेचून काढत, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. पण तो ज्या तावातावानं बाहेर आला, त्यावरून बऱ्याच जणांनी ते ताडलं.

"ही जागा मोटेलची आहे. उठा."

ती उठली. टेबल उचलून बर्फाच्या ढिगापलीकडं सरकारी रस्त्याच्या कडेला नेलं आणि पुन्हा बसली. मग हॉबर्ट आला, शेरीफचा शिपाई. "काकू, तक्रार आहे. परवान्याशिवाय धंदा करता म्हणे."

"धंदा? मी काय घेतलं, काय दिलं, विचार या लोकांना. बघायला परवाना लागतो का रे?"

हॉबर्टनं टोपी मागं सरकवली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "रस्त्यावर मात्र येऊ नका, ट्रक जातात." आणि गेला.

तेवढ्यात म्हातारा खाणकामगार जोरी पुढं आला. त्यानं पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एकच नाणं काढलं. "अठराशे त्र्याण्णवचा, 'एस' खुणेचा. मला ठाऊक आहे हा काय आहे. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

'एस' म्हणजे दुसऱ्या एका टांकसाळीची खूण, आणि तो डॉलर खरा असेल तर सगळ्यात दुर्मिळ. ग्रासियानानं भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही.

"जोरी, नाणं खरं आहे. 'एस' खोटा आहे. कुणीतरी मागून डकवलाय. खरी खूण अंगातून वर आलेली असते, ही भाडेकरूसारखी वर येऊन बसलीय. बुडाशी फट बघ."

जोरीचा चेहरा उतरला. मागून स्ट्रॅकर ओरडला, "बघा! आता कळलं? खोटा म्हणायचं आणि मग गुपचूप मातीमोलानं घ्यायचा!" त्यानं नाणं जोरीच्या हातातून घेतलं, साल पाहिलं, खूण पाहिली, आणि त्याचे डोळे लकाकले. "मी देतो, आजोबा. दोनशे. आत्ता, सगळ्यांसमोर."

"मी खोटा म्हणतेय," ग्रासियाना शांतपणे म्हणाली. "हे भिंग घ्या. बघा."

"तुमचं भिंग तुम्हालाच लखलाभ." त्यानं नोटा मोजून जोरीच्या हातात कोंबल्या. मग खिशातून स्वतःचं भिंग काढलं. क्षणभरानं त्याची मान ताठरली.

"माझे पैसे परत द्या."

"का म्हणून?" जोरी म्हणाला. "बाईनं तुमच्या तोंडावर सांगितलं. अख्ख्या रस्त्यानं ऐकलं." आणि नोटा बुटात खुपसून तो तडक दारूच्या गुत्त्याकडं चालू लागला. लोक इतके हसले, की पलीकडच्या पेट्रोल पंपावरची माणसं बघायला आली.

हसणाऱ्यांत बेन्यात नव्हते. कॅनव्हासची पिशवी घेऊन ते सकाळपासून स्ट्रॅकरच्या रांगेत उभे होते. काल जाहिरात वाचून आलेले, गर्दीमुळं परत गेलेले, आणि आज पुन्हा आलेले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दोन पावलं बाजूला आले असते तर झालं असतं. ग्रासियानानं त्यांच्याकडं पाहिलं, हाक मात्र मारली नाही. बेन्यात मान वर करून आत गेले. पिंपात नाणी पडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर ते टेबलापाशी थांबले. "काय असेल त्यात?" त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"आता मला काय ठाऊक, भाऊजी. काही नसेलही."

"तू मुद्दाम मला गावासमोर मूर्ख ठरवलंस. महिनाअखेर दुकान रिकामं कर."

"करते," ती म्हणाली. "तुमच्या भिंती तुमच्या. डोळे माझे आहेत, ते बरोबर नेते."

त्या संध्याकाळी तिला घरी नीट जेवण गेलं नाही. हाक मारायला हवी होती, हे तिलाही कळत होतं. पण ते तिनं बेन्यातना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. रविवारचं जेवण बंद झालं ते झालंच. गावातल्या बास्क मेंढपाळांच्या हॉटेलच्या मालकिणीनं जेवणघरातला खिडकीजवळचा कोपरा दिला, शोकेस तिथं गेली. सूप आणि घेवड्याच्या वाफेनं काचा धुरकट होत, एवढाच त्रास.

पण ते नंतर. आधी शुक्रवारी स्ट्रॅकरनं हॉल आवरला आणि सोमवारी पुढच्या गावी, बॅटल माउंटनला खरेदी, अशी पाटी लावली. ग्रासियानानं ती पाटी वाचली, गाडीत पेट्रोल भरलं आणि लोकरीचे मोजे एकावर एक दोन-दोन घातले.

सोमवारी सकाळी पिंपांचा ट्रक बॅटल माउंटनच्या मोटेलसमोर थांबला. स्ट्रॅकर खाली उतरला. रस्त्याच्या कडेला टेबल मांडलेलं होतं, मखमल पसरलेली होती, आणि त्या गावची टोपीवाली एक बाई पिशवीतली नाणी त्यावर ओतत होती.

"तुम्ही इथंसुद्धा?" तो म्हणाला.

"तुमचा ट्रक फार सावकाश चालतो," ग्रासियाना म्हणाली. "पुढचं गाव एल्को ना? वाटेत बर्फ आहे, जपून या." आणि तिनं पहिलं नाणं उलटं केलं.