भिंतीपलीकडची हाक

'तुम्ही दुसऱ्या ठिकाणाहून आधीच आत आहात.'

पडद्यावर अक्षरं उमटली आणि प्राचीनं माऊसवरचा हात मागे घेतला. ती तर वरकुट्याच्या दूध केंद्रात, खुर्चीत बसली होती. मग तिच्या नावानं आत गेलंय कोण?

डेअरीची चाळीस केंद्रं आणि बारामतीचं मुख्य ऑफिस एकाच ऑनलाइन फाटकातून आत जात. पासवर्ड टाकला की फोनवर विचारणा येई, तुम्हीच ना? 'होय' दाबलं की फाटक उघडे. पण प्राचीचा फोन असे भिंतीपलीकडच्या घरात, दीड वर्षाच्या राजलक्ष्मीपाशी. गाणी लागल्याशिवाय लेक घास गिळत नसे. मग प्राची खिडकीतून हाक मारी, "आत्या, दाबा," आणि सासूबाई, फुलाबाई, हिरव्या 'होय'वर अंगठा ठेवत. फोन दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, असं प्राचीनं सही करून दिलं होतं.

आज तिनं अजून हाक मारलीच नव्हती.

ती धावत घरात शिरली. "आत्या, तुमी दाबलं का काय?"

"व्हय की. दोनदा आलं तवा न्हाय दाबलं. तिसऱ्यांदा आलं, म्हटलं तुझी हाकच मला ऐकू आली नसंल. कान कुठं ऱ्हायलेत आता." फुलाबाई हसल्या. मग सुनेचा चेहरा बघून त्यांनी फोन पुढे केला.

केंद्रातली पाच हजार लिटरची टाकी गार ठेवणारं यंत्र त्याच पडद्यावरून चालू-बंद होई. आणि पासवर्ड चोरून आत शिरलेला माणूस एकाच टाकीपाशी थांबेल कशावरून? पासवर्ड बदलून गप्प बसावं, असंही क्षणभर वाटलं. लग्नानंतर मिळालेली ही पहिली नोकरी. तरी तिनं बारामतीला फोन लावला.

तिथं सुरक्षेचं काम अविराज बघत. त्यांनी आधी तिचं नाव बंद केलं, वरकुटं बाकी केंद्रांपासून तोडलं. मग शांतपणे विचारलं, "मॅडम, 'होय' तुम्हीच दाबलंत?"

समोर फुलाबाई नातीला छातीशी धरून उभ्या होत्या. 'मीच' हा शब्द प्राचीच्या अगदी ओठांवर आला होता.

"दाबलं सासूबाईंनी," ती म्हणाली. "पण दाबायला मी शिकवलं."

वरिष्ठांशी बोलून संध्याकाळी कळवतो, तोवर टाकीजवळून हलू नका, एवढंच अविराज म्हणाले. फोन सवयीनं लेकीपाशीच ठेवून ती केंद्रात आली.

आता पडदा काळा होता. यंत्र हातानं चालवायचं, टाकीच्या काट्यावर नजर ठेवायची आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहायचं. चार अंश. चार. साडेचार. पुन्हा चार. दूध घालायला आलेल्या सोनबातात्यांनी विचारलं, "कॉम्प्युटर रुसला का काय, पोरी?" ती हसली आणि पुढचा आकडा लिहायला वहीवर वाकली.

दिवे लागायच्या सुमाराला फुलाबाई दारात आल्या. कडेवर राजलक्ष्मी, आणि तापलं पातेलं उचलावं तसा पदरात धरलेला फोन.

"कवाचा वाजतोय," त्या म्हणाल्या. "मी कायबी दाबलं न्हाय."

प्राचीनं काट्याकडे एकदा बघितलं, ओले हात ओढणीला पुसले आणि बारामतीचा फोन घेतला.