महाराजांना बीपी कसं कळलं?

मंगळवारी दुपारी मी इस्पितळातल्या वडिलांचे, आबांचे कपडे न्यायला रेवसला घरी आले, तर गावच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. सागरनाथ महाराजांच्या नावाचा जयघोष चालला होता.

"कालच बोल्लो होतो," महाराज म्हणत होते. "अकराला मोरूच्या घशातली नळी निघंल. खोकनार न्हाय, धडपडनार न्हाय, बीपी चढनार न्हाय. झालं का न्हाय?"

"व्हय, व्हय!"

मोरू म्हणजे माझे आबा. सगळं खरं होतं, पण मला खटकलं. कारण ते शब्द आमच्या डॉक्टर हेतल यांचे होते. सोमवारी त्या मला म्हणाल्या होत्या, "प्रणाली, उद्या अकराला घशातली नळी काढू. काढताना पेशंट खोकतो, धडपडतो, बीपी उसळतं. मेंदूचं ऑपरेशन ताजं आहे, पुन्हा रक्त सुटेल. म्हणून सलाइनमधून शांत ठेवणारं औषध देऊ. श्वास त्यांचा ते घेतील, हाकेला डोळे उघडतील, पण घाबरणार नाहीत." नळी तशीच निघाली. देवाला बीपी कधीपासून कळायला लागलं?

"आता गोळ्या बंद," महाराजांनी जाहीर केलं. "हा धागा पुरे."

अशाच धाग्यापायी आबांनी सहा महिन्यांपूर्वी बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या, म्हणून तर मेंदूत रक्तस्राव झाला. पुन्हा सोडल्या तर आबा हाती लागणार नव्हते.

डॉक्टरांचं बोलणं मी एकालाच सांगितलं होतं: अनंताकाकांना. आबांचा पाठचा भाऊ, एकाच होडीवर तीस वर्षं. हल्ली मठात त्यांना पहिल्या रांगेत बसवत. माझं मन मानेना. म्हणून पारख करायची ठरवली.

बुधवारी सकाळी आबांची अन्न देण्याची नाकातली नळीही निघाली. मी काकांना फोन केला, "उद्या चारला नाकातली नळी काढणार." दुसऱ्या कोणाला चकार शब्द नाही.

गुरुवारी तीनला मी मठात गेले. महाराज डोळे मिटून घुमत होते, "आज चारला देव नाकातली नळी ओढून काढनार!"

मी इस्पितळात रुचिता सिस्टरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्यांपुढे धरला. आबा बसून चमच्याने पेज खात होते. नाकात काही नव्हतं.

"नळी काल सकाळीच निघाली," मी म्हणाले. "चारची गोष्ट खोटी. ती मी फक्त काकांना सांगितली होती."

"देवानं आधीच काढली," महाराज पुटपुटले.

"मग देवाने तुम्हाला कळवलं का नाही?" मी विचारलं. मागे कोणीतरी हसलं.

काका खाली बघत होते. परका माणूस फसवतो तेव्हा राग येतो. आपला फसवतो तेव्हा लाज वाटते, आणि तीही आपल्यालाच.

आबांनी फोनवरून सगळं ऐकलं होतं. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "अनंता, 'गोल्या सोड, महाराज सांगतान', ह्यो निरोप तवा तूच आनलास. मी महाराजाचं न्हाय ऐकलं रं. भावाचं ऐकलं."

काका उठून बाहेर गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

गर्दीला मी एवढंच म्हणाले: भाकीत ऐकलंत की आधी विचारा, याला कोणी सांगितलं? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

फोनच्या पडद्यावर रुचिताने आबांच्या हातावर गोळी ठेवली. सगळ्यांदेखत त्यांनी ती गिळली.