कळकलेल्या खमिरातली साखळी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. फॉस्फेटची. एका बेकरीतल्या खमिरात यीस्टच्या असंख्य पेशी राहतात. त्यांतल्या एकीच्या पोटात कोठीसारखी पोकळी आहे, तिथे माझा मुक्काम. पिठातून फॉस्फेट भरपूर मिळालं, की पेशी आपली ऊर्जा खर्चून मला एकेक कडी जोडायची. तीनशे कड्या झाल्या होत्या माझ्या. पण भरल्या घरात कोठीकडे कोण बघतं? मी अंधारात पडून असे आणि तुटण्याला भीत असे. कारण अडीअडचणीला पेशी माझ्याच कड्या तोडून वापरते.

ते खमीर बेकरीवाल्याच्या आईनं घातलेलं. आई गेली, खमीर राहिलं. एका सकाळी त्याची चिनी मातीची बरणी हातातून निसटून फुटली. गडबडीत त्यानं सगळं खमीर तांब्याच्या पातेल्यात ओतलं. पातेल्याची कल्हई केव्हाच उडाली होती.

आंबट खमिरात तांबं उतरू लागलं. दुपारपर्यंत शेजारच्या पेशी एकेक करून गप्प झाल्या. मग ते आमच्या पेशीतही शिरलं. मी त्याचे कण स्वतःला चिकटवून घेत राहिले, म्हणजे ते पेशीभर फिरणार नाहीत. ते येतच राहिले. त्यांना बांधून बाहेर काढायला पेशी माझ्या कड्या तोडू लागली. शंभर गेल्या, दोनशे गेल्या. दर वेळी वाटे, आता संपलेच मी.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची थोरली बहीण आली. झाकण उघडून तिनं नाक मुरडलं.

"अरे, हे कशात ठेवलंयस?"

"बरणी फुटली गं ताई. हेच हाताशी होतं."

"कळकलंय सगळं! कडेचा हिरवा रंग दिसत नाही तुला?"

त्याचा चेहरा पडला. "आईच्या हातचं होतं ते..."

"रडतोस काय? चमचा दे. मधलं थोडं वाचलं असेल."

त्या चमच्यात आमची पेशी होती. बाकीचं ताईनं फेकून दिलं. काचेच्या बरणीत ताजं पीठ मिळालं, पण माझ्या उरात नवी धडकी भरली. पेशीला आता लेक होणार होती, आणि लेकीला फॉस्फेट हवं होतं. पुन्हा माझेच तुकडे! लेक वेगळी झाली तेव्हा मी सात कड्यांची उरले होते.

तिसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे आले. "ताई, फुगलं गं!" बेकरीवाला ओरडला. ताईनं नुसतं ते रिकामं पातेलं उचललं आणि ती कल्हई करून आणायला निघाली.

आता मला पुन्हा कड्या जोडल्या जाताहेत. तरी झाकण वाजलं की काळजात चर्र होतं. मित्रांनो, आंबट काही ओतण्याआधी भांडं एकदा आतून पाहा. तुम्हाला वाकून बघता येतं. आम्हाला फक्त आत पडता येतं.